डबीवर माणसं किती?

१

शर्यत सुरू झाली तसं थोरल्याने दुकान उशिरा उघडायला सुरुवात केली. आधी बंदराच्या कचेरीत जायचं, माडीवरच्या वायरलेसच्या खोलीत हजेरी ऐकायची, मग दुकानाचं शटर वर करायचं. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. एकाने तर तोंडावरच विचारलं, “मिस्त्री, माझं कपाट तुमच्या बहिणीबरोबर शर्यतीला गेलंय की काय?”

थोरला हसला. गोष्ट खरीच होती. त्या कपाटासाठी आणलेलं प्लायवूड होडीत गेलं होतं.

वायरलेसची खोली कोंदट होती. खिडकीच्या काचा खाऱ्या वाऱ्याने धुरकटलेल्या, पंखा फिरताना मान हलवणारा, भिंतीवर मोठा काळा फळा. फळ्यावर होड्यांची नावं एकाखाली एक. टेबलाशी हॅलोकाका. बंदरात त्यांना याच नावाने ओळखत, कारण घरी बायकोला हाक मारतानाही ते आधी ‘हॅलो’ म्हणत, असं लोक सांगायचे.

शर्यत घरी बांधलेल्या छोट्या होड्यांची होती. इंजिन नाही, फक्त शीड. किनाऱ्याकिनाऱ्याने वर पार शेवटच्या बंदरापर्यंत जायचं, वाटेत वाटेल तिथे थांबायचं. अट एकच. रोज सकाळी वायरलेसवर हजेरी द्यायची. हॅलोकाका प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारत: कुठे आहात, प्रकृती कशी, माणसं किती. वाटेतल्या बंदरांतली माणसं आवाज पुढे पोचवत.

“एकट्याच्या होडीला माणसं किती काय विचारायचं?” थोरल्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“होडी बुडाली तर किती जणांना शोधायचं ते आधी ठाऊक हवं ना,” काका म्हणाले होते.

त्या सकाळी डबीची पाळी आली. डबी हे होडीचं नाव. थोरल्याच्या धाकट्या बहिणीने ठेवलेलं. बहिणीला सगळे बारकी म्हणत.

“डबी, डबी, हॅलो. कुठे आहात?”

“जुन्या दीपस्तंभाच्या पुढे,” बारकीचा आवाज आला. मागे शीड फडफडत होतं.

“प्रकृती?”

“झकास.”

“माणसं किती?”

“दोन.”

काकांनी खडू उचलला होता, तो तसाच थांबला. “परत सांग?”

“दोन माणसं. मजेत. ओव्हर.”

काकांनी थोरल्याकडे पाहिलं, फळ्यावर एक लिहिलं आणि पुढच्या होडीला हाक मारली. “ऊन लागलंय पोरीला,” ते मधेच पुटपुटले. थोरल्याने मान डोलावली. पण दुकानात आल्यावर त्याने एकच फळी तीनदा मापली, तरी चुकीची कापली.

२

डबी थोरल्याच्या दुकानातच बांधली होती. बारकी दूरदेशाहून परतली ती होड्यांचे आराखडे काढायला शिकून. परतल्यावर बरेच दिवस ती तिकडच्या गावाला ‘आमच्याकडे’ म्हणायची. ‘आमच्याकडे असं नसतं, दादा.’ तो शब्द थोरल्याला दाताखाली खडा यावा तसा लागायचा. इतकी वर्षं तिची वाट कुणी पाहिली? आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे भलतीकडेच!

पण ती बोलायला लागली की तिच्यावर रागावता यायचं नाही. जमिनीवर पालथी पडून ती आराखडा उलगडायची आणि म्हणायची, “समुद्र काय फक्त मोठ्या बोटींच्या मालकीचा आहे, दादा? वारा फुकट, लाकूड आपलं, हात आपले. कुणाचं तेल नको, कुणाची परवानगी नको. आपण दोघांनी जायचं. तू आणि मी.”

तू आणि मी. एवढ्यावर थोरल्याने तीन गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. जगात त्याला मिस्त्री म्हणणारे शंभर होते. दादा म्हणणारं तोंड एकच होतं.

घोटाळा त्याच्याच हाताने झाला. आराखड्यात पातळ प्लायवूड होतं. पातळ लाकूड हाताला लागलं की थोरल्याच्या अंगावर काटा यायचा. कपाट म्हणजे नातवंडांनीसुद्धा उघडावं, हे त्याचं ब्रीद. त्याने गुपचूप दुप्पट जाडीचं प्लायवूड वापरलं. आतून सागाच्या पट्ट्या मारल्या. सामानाच्या कप्प्याला पितळी बिजागऱ्या लावल्या, त्यांना तेलही घातलं.

“दादा, अरे ही होडी आहे, तिजोरी नाही!” बारकी कपाळावर हात मारून म्हणाली.

“बुडाली तर निदान दार तरी उघडेल नीट,” तो म्हणाला होता. दोघंही पोट धरून हसले होते.

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी निम्मं बंदर जमलं होतं. दोघं आत बसले आणि काठावरून पाणी आत आलं. जराही लाट नव्हती, तरी आलं. बारकीने इकडे सरकून पाहिलं, तिकडे सरकून पाहिलं. मग ती खाली बघत म्हणाली, “दादा, एकाला उतरावं लागेल.”

एकाला. जणू चिठ्ठ्या टाकायच्या होत्या! शीड तिला कळत होतं, सुकाणू तिला कळत होतं. तो उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. डबी झटकन वर उचलली गेली, जणू त्याचीच अडचण होती. धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या बारकीसाठी.

पट्ट्या काढूया, असं ती म्हणाली नव्हती असं नाही. “थोडं उपसून काढलं तर जमेल, दादा.” पण आपल्या हाताने जोडलेलं आपल्या हाताने उपसायचं? त्याने नकार दिला. मग दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, मग अबोला.

निघायच्या सकाळी सगळ्यांच्या देखत त्याने होडीला ढकललं. तोंडाने म्हणाला, “सांभाळून जा.” मनात म्हणाला, मला टाकून जातेस ना? जा. क्षणभरही एकटीला करमू नये तुला. लाटेलाटेला दादा आठवावा.

३

दुसऱ्या दिवशी खोलीत गर्दी होती. कचेरीचा कारकून, शर्यतीची डॉक्टरीणबाई, दोनतीन खलाशी, सगळे उगाच हजर होते. बातमी पसरायला बंदरात वेळ लागत नाही.

“डबी, हॅलो. कुठे आहात?”

“काल संध्याकाळी खाडी ओलांडली. वाऱ्याने साथ दिली.”

“प्रकृती?”

“उत्तम.”

काकांनी घसा खाकरला. “माणसं किती?”

“दोन.”

“अगं, एकटी गेलीस ना तू? दुसरं कोण?”

“काय विचारता हॅलोकाका!” बारकी हसली. “दादा आहे की.”

खोलीत हशा पिकला. थोरल्यालाही हसू आलं. क्षणभर बरंच वाटलं. भांडण मिटवायची ही तिची जुनी तऱ्हा, आधी चिडवायचं आणि मग गळ्यात पडायचं. काकांनी माइक त्याच्या हातात दिला. “घ्या मिस्त्री. तुम्हीच सांगा तिला तुम्ही कुठे आहात ते.”

त्याने बटण दाबलं. “बारके, वेडे. मी इथे आहे. काकांच्या शेजारी.”

खरखर झाली. मग तिचा आवाज आला. परक्या माणसाने पत्ता विचारला की ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात.

“कोण बोलतंय?”

“मी. दादा.”

पुन्हा खरखर. बटण तिने सोडलं नसावं, कारण पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत राहिला. ती माइकपासून तोंड वळवून कुणाशी तरी बोलली, पण शब्द न् शब्द ऐकू आला. “दादा, बघ रे. कुणीतरी तुझं नाव सांगून चेष्टा करतंय.”

त्यावर कुणीतरी हसलं. पुरुषाचं हसू. आखूड, घशातल्या घशात.

खोलीतला हशा विरला. थोरल्याने मान वर केली तेव्हा हॅलोकाका त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे. ते मिटलेलं आहे ना, याची खात्री करून घेत असल्यासारखे.

४

डॉक्टरीणबाईने त्याला बाजूला घेतलं. “घाबरू नका. एकटं माणूस पाण्यावर राहिलं की सोबत तयार करतं. झोप कमी, ऊन फार, आवाज सारखा एकच. कुणाला आई दिसते, कुणाला मित्र. तुमच्या बहिणीला तुम्ही दिसताय. खरं तर प्रेमाची खूण आहे ही.”

“आणि ते हसू?”

“दुसऱ्या होडीचा आवाज मिसळला असेल. वायरलेसवर काहीही मिसळतं.”

थोरल्याने ते पटवून घेतलं. शहाण्या बाईने सांगितलेलं, पटण्यासारखंही होतं. दुकानात रंधा मारताना तो मनाशी घोळवत राहिला: तिला मी दिसतो, म्हणजे तिला मी हवा आहे. छिलके गुळगुळीत लडींनी खाली पडत होते. मग त्याचा हात थांबला.

कोणता मी?

तिने जो केलाय तो हसतो. होडी बांधताना शेवटचे कितीतरी दिवस आपण हसलोच नव्हतो. तिने केलेला भांडत नसेल, अडून बसत नसेल. ती म्हणेल तेव्हा दोर ओढत असेल, म्हणेल तेव्हा सोडत असेल. आपल्यातलं जे जे तिला खुपत होतं ते तासून काढून तिने चांगला गुळगुळीत भाऊ बनवलाय आणि शेजारी बसवलाय. जिथे आपण बसणार होतो तिथे.

नसलेल्या माणसाचा मत्सर करावा, याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून जळणं थांबलं नाही. त्या दिवशी फळ्यावर डबी शेवटून दुसरी होती ती एकदम मधोमध आली. आणखी एक दिवस गेला आणि ती पहिल्या पाचांत आली. एका माणसाचीही जेमतेम होडी, ती दोन माणसं घेऊन सुसाट निघाली होती.

त्याच दुपारी तो जेवायला घरी आला तर बायको वाढता वाढता हसत होती.

“बारकीचा फोन आला होता. पाणी भरायला कुठेसं थांबली होती.”

“काय म्हणाली?”

“तुमचीच स्तुती. म्हणते, दादाने काल आतल्या सगळ्या पट्ट्या उपसून काढल्या. पितळी बिजागऱ्यासुद्धा. फेकून दिल्या समुद्रात. होडी पिसासारखी हलकी झाली, म्हणते. आणि दादा गाणी म्हणतो म्हणे! मी म्हटलं, तुझा दादा? आणि गाणी? न्हाणीघरात तोंड न उघडणारा माणूस तो.” बायको हसत भाजी वाढत होती. “म्हटलं, बाई गं, दादा इथे घरी आहे, आत्ता येईल जेवायला. तर ती मला विचारते...”

बायको थांबली. सांगता सांगता तिला त्या वाक्याचा अर्थ जाणवला असावा.

“काय विचारते?”

“काही नाही.”

“अगं, सांग ना.”

“म्हणाली, वहिनी, तू नीट बघितलंस का?”

बायकोने डाव भांड्यात ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग उठून तिने दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन होतं.

“हे काय?” तो म्हणाला.

“काही नाही. अंधारल्यासारखं वाटलं.”

तिने दिवा मालवला नाही. ती जेवलीही त्याच्या समोर न बसता, ओट्याशी उभ्याउभ्याने.

थोरल्याने ताट बाजूला सारलं. भीतीने नव्हे, असं तो स्वतःला बजावत होता. त्याच्या डोळ्यांसमोर त्या सागाच्या पट्ट्या होत्या, एकेक पाण्यावर तरंगत मागे पडणाऱ्या. आपण नाही म्हटलं, तिथे तो एका शब्दानेही कुरकुरला नाही.

५

दुसऱ्या दिवशी त्याने हजेरीची वाट पाहिली नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि किनाऱ्याने वर जाणारी बस पकडली. डबी वाटेतल्या एका लहानशा बंदरात मुक्कामाला आहे, हे हॅलोकाकांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. सांगताना त्यांनी त्याच्याकडे पाहणं टाळलं होतं.

बसमध्ये तो आठवत राहिला. आपण होडीतून उतरलो होतो ना? उतरलो. कमरेइतकं पाणी होतं. लोक टाळ्या वाजवत होते. पाणी गार होतं की कोमट? ते आठवेना. चपला काढल्या होत्या का? तेही आठवेना. उतरलेल्या माणसाला एवढं तरी आठवायला हवं, असं त्याला वाटलं आणि त्याने तळहात नाकाशी नेले. भुशाचा वास आला. सुतार आहोत, दुकानातून आलोय, हे उघड आहे. शेजारच्या प्रवाशाने त्याच्याकडे चमकून पाहिलं, तेव्हा त्याने हात खाली घेतले.

बंदर लहान होतं. एक धक्का, एक टपरी, जाळी वाळत घातलेली. धक्क्याच्या टोकाशी रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. थोरल्याला पाहून तो उठलाच.

“काय हो मिस्त्री! परत आलात? काय विसरलं?”

थोरला जागच्या जागी थांबला. “मी?”

“आत्ता तर निघालात तुम्ही. ती बघा, ते शीड दिसतंय ना अजून, त्या डोंगराच्या टोकापाशी. पोहत आलात की काय?” रखवालदार आपल्याच विनोदावर खो खो हसला. मग त्याने थोरल्याच्या कोरड्या कपड्यांकडे पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“होडीत कोण कोण होतं?” थोरल्याने विचारलं.

“बाई होती. तुमची बहीण. सुकाणूवर. आणि...” रखवालदाराने बोट त्याच्याकडे उचललं, पण ते पुरतं रोखलं नाही. “काल इथेच बसून चहा प्यालात. माझी खुर्ची दुरुस्त करून दिलीत. पाय हलत होता तिचा.”

थोरल्याने खुर्ची उलटी केली. पायाला नवी पाचर मारली होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. पाचर त्याच्याच पद्धतीची होती, एका बाजूने किंचित तिरपी, बाहेर दिसणार नाही अशी. फक्त त्याच्याहून सुबक. त्याने स्वतः मारली असती तर कडेला केसाएवढी फट राहिली असती. राहायचीच, आयुष्यभर राहत आली होती. हिला फट नव्हती.

त्याने खुर्ची धाडकन सरळ केली. इथेही?

त्याने घरी फोन लावला.

“कोण?” बायकोचा आवाज.

“मी.”

“मी कोण?”

“अगं, मी! आवाज ओळखत नाहीस?”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “ह्यांनी आत्ताच ठेवला फोन. होडीवरून केला होता. मागून बारकीपण बोलली.”

“मी बसने आलोय. सकाळी तुझ्यासमोर डबा घेऊन निघालो ना घरातून?”

“निघालं होतं कुणीतरी,” बायको म्हणाली. “हे बघा, तुम्ही जे कोणी असाल... मला ह्यांनी सांगितलंय. म्हणाले, माझ्या आवाजात दुसरा फोन येईल. आला तर दोन शब्द नीट बोल. रागावू नकोस त्याच्यावर. त्याला एकट्याला करमत नाही.”

फोन बंद झाला. थोरल्याने पुन्हा लावला नाही. टोकापाशी ते शीड नखाएवढं उरलं होतं, आणि समुद्र इतका शांत होता की गाण्याची एखादी ओळ ऐकू आली असती. आली असं त्याला वाटलं. तो कान देऊन उभा राहिला, आणि आवाज सुरात आहे हे कळल्यावर त्याने कानांवर हात ठेवले.

६

शर्यत संपायची होती त्या बंदरात तो दोन बसगाड्या बदलून पोचला. डबा न उघडता तसाच फेकला. धक्क्यावर भरपूर माणसं होती, पताका होत्या, वायरलेसचा कर्णा लावलेला. कर्ण्यातून आकडे ऐकू येत. तो पुढे सरकत सरकत अगदी कडेला जाऊन उभा राहिला. लोक त्याला वाट देत होते. वाट देत होते की त्यांना तो दिसतच नव्हता, हे त्याला ठरवता येईना. एका बाईचं पोर त्याच्या पायावर पाय देऊन गेलं आणि पोराने वळूनही पाहिलं नाही.

भीती वाटायला हवी होती. वाटत होता तो जळफळाट. ती येईल, तिच्या शेजारी कुणी नसेल, डॉक्टरीणबाईचं खरं ठरेल. मग मी तिचा कान धरीन, मग आम्ही हसू. आणि शेजारी कुणी असेलच, तर सगळ्या जगासमोर मी म्हणेन, ऊठ, ही जागा माझी आहे.

दुपार कलायला लागली आणि डबी बंदराच्या टोकाला वळसा घालून आत आली. तिच्या पुढे कुणीच नव्हतं. लोकांनी एकच गिल्ला केला. सूर्य तिच्या पाठीमागे होता. शीड पेटल्यासारखं दिसत होतं आणि आत दोन काळ्या आकृत्या होत्या, एक पुढे, एक मागे सुकाणूपाशी. मागच्याच्या खांद्यांची ठेवण थोरल्याला ओळखीची वाटली. आपली पाठ आपण कुठे पाहिलेली असते? तरी वाटली.

होडी पाण्यावर किती अलगद चालली होती! थोरल्यातल्या सुताराने ते पाहिलं आणि नको असतानाही त्याला ते सुंदर वाटलं.

बारकी पुढच्या टोकावर उभी होती, दोराचं वेटोळं हातात घेऊन. उन्हाने रापली होती, ओठ फुटले होते, आणि चेहरा आनंदाने फुलला होता. इतकी आनंदी ती त्याच्याजवळ कधी होती?

“अहो,” ती ओरडली. थेट त्याच्याकडे बघून. “जरा दोर धरता का?”

दोर हवेतून आला आणि त्याच्या हातात पडला. ओला, जड, खरा. त्याने तो घट्ट धरला.

“बारके,” तो म्हणाला.

तिने डोळे किलकिले केले, हसली. गर्दीतलं कुणीतरी आपलं नाव ओळखतं याचं जसं कौतुक वाटतं, तसं हसली. “थँक्यू हं, काका. असाच धरून ठेवा जरा. दादा आधी उतरेल.”

मागचा माणूस वाकून काहीतरी आवरत होता. तो उठला. ऊन अजून त्याच्या पाठीशी होतं, तोंडावर सावली. त्याने एक पाय होडीच्या काठावर ठेवला आणि वर चढायला हात पुढे केला, थोरल्याकडे. होडी आणि धक्क्याच्या मधे हातभर काळं पाणी होतं, फुगत होतं, ओसरत होतं. खाली दगड होते. हात दिला नाही तर. किंवा दिला आणि मधेच सोडला तर. कुणाला काही कळलं नसतं. थोरल्याच्या मनात हे सगळं एका श्वासात येऊन गेलं, आणि ते करायचं त्याने ठरवलंही.

“दादा,” बारकी मागून म्हणाली, “सांभाळून रे.”

“हो,” थोरला म्हणाला.

त्याला थांबवता आलंच नाही. इतके दिवस तो याच एका हाकेसाठी उपाशी होता. ‘हो’ म्हणता म्हणता त्याचा हात पुढे गेला आणि त्याने तो दुसरा हात धरला, घट्ट, जपून, पाय निसटू नये असा. पलीकडचा माणूसही त्याच वेळी ‘हो’ म्हणाला होता. दोन आवाज होते की एकच, हे जवळ उभ्या असलेल्यांनाही सांगता आलं नसतं.

माणूस वर आला. क्षणभर त्याचा चेहरा थोरल्याच्या चेहऱ्याच्या अगदी समोर होता, श्वासाइतका जवळ. त्यावर ऊन पडलं. थोरल्याने पाहिलं. आरशात दिसतो तो चेहरा नव्हता. उतरावं न लागलेल्या माणसाचा होता. त्या डोळ्यांत कसलंही वैर नव्हतं. थोडी कीव होती, आणि ओळख होती.

मग तो बाजूने निघून गेला. गर्दीने त्याला उचलून घेतलं. बारकीही उडी मारून वर आली आणि धावत त्याच्या मागे गेली. पुढे कुणीतरी माइक धरला होता, कर्ण्यातून प्रश्न ऐकू येत होते आणि ती हसत, धापा टाकत उत्तरं देत होती. आपण दोघांनी बांधली, ती सांगत होती. मी आणि दादाने.

बंदराचा एक माणूस डबीचा मागचा दोर खांबाला बांधून आला. त्याने थोरल्याच्या हाताकडे पाहिलं. “झालं. बांधलीय आता होडी. सोडा तुम्ही.”

थोरल्याने ऐकलं नाही.

“अहो, सोडा ना. काम झालं तुमचं.”

धक्का रिकामा होत चालला होता. थोरल्याने दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि मूठ आवळली. बंदराचा माणूस थोडा वेळ त्या ताणलेल्या दोराकडे पाहत राहिला, मग दोराच्या टोकाकडे, जिथे थोरला उभा होता तिथे. त्याने डोळे चोळले. आणि भराभर पावलं टाकत, मागे वळून न बघता, तो गर्दीकडे निघून गेला.